धूरनळीची गोधडी : लाभ आणि हानी

गेल्या वैशाखातील गोष्ट. आमच्यातील एका विद्यार्थ्याचे वडील बाजारातून मोटारसायकलवरून घरी आले, गाडी अंगणात उभी केली आणि पिशव्या घेऊन आत गेले. त्यांची पाच वर्षांची मुलगी नेहमीच्या हौसेने गाडीवर चढावयास धावली. दुसऱ्याच क्षणी तिची किंकाळी ऐकू आली. एंजिनातून निघणाऱ्या तापलेल्या नळीला तिची पोटरी टेकली होती. जखम यथावकाश भरून आली; डाग मात्र राहिला.

वडिलांच्या मनाला ही गोष्ट फार लागली. पुढे एके दिवशी त्यांनी रस्त्यात एका गाडीच्या नळीला कापडासारखी पट्टी घट्ट गुंडाळलेली पाहिली आणि आपणही तसेच करावयाचे असे ठरविले. परंतु बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रावर काम करणाऱ्या मामांनी मान हलविली. ते म्हणाले, "दाजी, पट्टी खुशाल बांधा, पण मग दोन-तीन पावसाळ्यांनी नवी नळी घ्यायची तयारीही ठेवा." वडील म्हणाले, "नळी गेली तर नवी आणता येईल. पोरीचा पाय कुठून आणायचा?"

दोघांचेही म्हणणे आम्हांस पटले आणि म्हणूनच आम्ही पेचात पडलो. गुरुजींना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "उत्तर मी देणार नाही. विज्ञान मंडळात हाच प्रश्न घ्या आणि उत्तर तुम्हीच शोधा." तो अभ्यास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नळी इतकी का तापते ?

मोटारसायकलच्या एंजिनात पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते, दाबले जाते, ठिणगीने पेट घेते, आणि त्याच्या प्रसरणाने दट्ट्या ढकलला जातो. चौथ्या धावेत जळलेले वायू झडपेतून बाहेर लोटले जातात. ज्या नळीतून ते जातात तिला शास्त्रीय परिभाषेत निष्कास नळी म्हणतात. या लेखात आम्ही तिला धूरनळी म्हणू. दुरुस्तीच्या दुकानात तिच्या पहिल्या वाकलेल्या भागाला 'बेंड पाईप' आणि मागील जाड भागाला 'सायलेन्सर' म्हणतात, हे वाचकांस ठाऊक असेलच.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भागच चाक फिरविण्याच्या कामी येतो. सुमारे एक तृतीयांश उष्णता धूरनळीतून निघून जाते व उरलेली सिलिंडरच्या पंखांवरून हवेत जाते. एंजिनावर भार असताना झडपेतून बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान साधारणतः ६०० ते ८०० अंश सेल्सिअस असते. पाणी १०० अंशांवर उकळते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चिमुकल्या पोटरीवर काय ओढवले असेल याची कल्पना येईल.

तापलेली नळी आपली उष्णता तीन वाटांनी गमावते. ती ज्या भागांना जोडलेली असते त्यांच्याकडे वहनाने, भोवतालची हवा तापून वर चढते तेव्हा अभिसरणाने आणि माध्यमावाचून प्रारणाने. यांपैकी प्रारणाचा नियम विलक्षण आहे. निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात प्रारण वाढते. म्हणजे काळ्या पृष्ठभागाचे तापमान १५० अंशांवरून ३०० अंशांवर गेले, तर बाहेर पडणारी प्रारित उष्णता दुप्पट होत नाही. ती तिपटीहूनही अधिक होते. गाडी सिग्नलला थांबली असता पायाला जी धग लागते, तिचा बराचसा भाग या प्रारणाचा असतो.

गोधडीचे शास्त्र

लहानपणी आपणांस वाटते की गोधडी ऊब देते. वास्तविक गोधडीत ऊब नसते. ती आपल्याच अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच बर्फाची लादी गोणपाटात व लाकडाच्या भुशात गुंडाळली म्हणजे तीही अधिक काळ टिकते. गोधडीच्या थरांत, भुशाच्या कणांत आणि गोणपाटाच्या धाग्यांत हवा अडकून पडते. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. साध्या पोलादातून जितकी उष्णता वाहते, तिच्या सुमारे दोन हजारांश इतकीच तेवढ्याच जाडीच्या स्थिर हवेतून वाहते.

यंत्राला गोधडी पांघरण्याची कल्पना नवी नाही. जेम्स वॅट याने १७६९ साली आपल्या बाष्पयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा सिलिंडर वाफेइतकाच उष्ण राहावा म्हणून त्याला लाकडाचे अथवा उष्णता मंदपणे वाहून नेणाऱ्या अन्य पदार्थाचे वेष्टन घालावे, असे त्यात स्पष्ट नमूद केले होते. पुढे आगगाडीच्या एंजिनांचे बाष्पक आणि आगबोटींतील वाफेच्या नळ्या यांनाही अशीच वेष्टने आली. वॅटच्या यंत्रात एक गोष्ट मात्र वेगळी होती. तेथे राखलेली उष्णता कामास येणार होती. धूरनळीतील उष्णता तर आपले काम आटोपून निघालेली असते. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

पट्टी कशाची असते ?

पूर्वी या कामासाठी ॲस्बेस्टॉसची पट्टी वापरीत असत. ते खनिज आगीला दाद देत नाही. परंतु त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षांनी कर्करोगासारखे असाध्य विकार निर्माण करतात. म्हणून अनेक देशांनी त्याच्या वापरावर बंदी घातली. जुन्या गाडीच्या नळीवर जुनाट, भुरभुरीत पांढुरकी पट्टी आढळली, तर मुलांनी ती हाताने खरवडू नये.

आज बाजारात मिळणारी पट्टी बहुधा काचतंतूंची अथवा बेसाल्टच्या तंतूंची असते. बेसाल्ट म्हणजे ज्यातून सह्याद्रीचे कडे घडले तो काळा पाषाण. असा दगड सुमारे १,५०० अंशांच्या आसपास वितळवून त्याचे केसाहून बारीक धागे ओढतात व ते विणून पट्टी करतात. ज्या जातीच्या पाषाणाने आपले गडकोट उभे राहिले, त्याचेच धागे निघून कापड विणले जाते हे वाचून आम्हांस मोठे नवल वाटले.

लाभ

पहिला लाभ धगीचा. पट्टीचा बाहेरचा पृष्ठभाग उघड्या नळीपेक्षा पुष्कळच कमी तापतो. त्यामुळे चालविणाऱ्याचा पाय, जवळून जाणाऱ्या विजेच्या तारा, रबरी नळ्या आणि पेट्रोलची टाकी यांना धग कमी लागते. शिवाय तव्याची लोखंडी कड आणि त्याची लाकडी मूठ सारख्याच तापल्या तरी हाताला कड अधिक भाजते, कारण लोखंड आपली उष्णता झटकन त्वचेला देते. पट्टी ही या बाबतीत मुठीसारखी आहे. तापमान कमी आणि उष्णता देण्याची गतीही कमी, असा हा दुहेरी लाभ आहे.

दुसरा लाभ वायूंच्या गतीचा. वायू जितका उष्ण, तितका तो विरळ आणि त्यातून ध्वनीच्या व दाबाच्या लहरी तितक्या वेगाने जातात. हवेचाच हिशेब मांडून पाहू. ४०० अंशांवर ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ५२० मीटर, तर ६०० अंशांवर तो सुमारे ५९० मीटर असतो. झडप उघडताच दाबाची एक लहर नळीतून धावत जाते व टोकाशी परावर्तित होऊन माघारी येते. ती नेमक्या क्षणी परतली, तर उरलेले जळके वायू सिलिंडरमधून ओढून घेण्यास साहाय्य करते. शर्यतीच्या गाड्यांत नळीची लांबी या हिशेबाने बेततात आणि तेथे वायू नळीभर उष्ण ठेवण्याला मोल असते.

तिसरा लाभ आधुनिक गाड्यांचा. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज ६ हे प्रदूषण-मानक लागू झाले. या गाड्यांच्या धूरनळीत विषारी वायूंचे रूपांतर घडवून आणणारे उत्प्रेरक बसविलेले असते. ते सुमारे २५० ते ३०० अंश तापल्यावाचून नीट कामास लागत नाही. तेथवर वायू उष्ण पोहोचले, तर उत्प्रेरक लवकर जागे होते. अर्थात ही व्यवस्था कारखान्यानेच मापून केलेली असते. आपण तिच्यात भर घालण्याची सहसा गरज नसते.

लाभांच्या यादीत आणखी एक गोष्ट पुष्कळ जण सांगतात, ती म्हणजे पट्टीमुळे पेट्रोल कमी लागते. हा दावा आम्ही वॅटच्या कसोटीला लावून पाहिला. नळीतील उष्णता दट्ट्याला ढकलून झाल्यावर बाहेर पडलेली असते. ती कोंडून ठेवली म्हणून परत जाऊन दट्ट्याला ढकलीत नाही. लहरींच्या मेळामुळे जो काही फरक पडत असेल, तो शर्यतीच्या घड्याळाला कळेल. रोज शाळा, बाजार आणि कचेरी करणाऱ्या गाडीत तो जाणवण्याजोगा नाही.

हानी

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. उष्णता नाहीशी होत नाही, हा ऊर्जेचा पहिला नियम. पट्टीने तिला बाहेर जाऊ दिले नाही, तर ती राहणार कोठे? काही वायूंबरोबर पुढे जाईल आणि उरलेली नळीच्या धातूतच मुक्काम करील. उघड्या नळीचा धातू एका बाजूने जळत्या वायूंनी तापतो व दुसऱ्या बाजूने वाऱ्याने निवतो. म्हणून त्याचे तापमान दोहोंच्या मध्ये कोठेतरी राहते. पट्टी बांधली म्हणजे वाऱ्याची बाजू बंद होते आणि धातूचे तापमान वायूंच्या तापमानाकडे सरकू लागते. साधे पोलाद सुमारे ५५० अंशांच्या वर हवेतील ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावते, त्यावर पापुद्रे धरतात आणि त्याचे बळ घटते. वारंवार तापणे व निवणे यांमुळे सांध्यांशी भेगा पडू लागतात. एंजिन हवेने थंड होणारे असेल, तर झडपेलगतच्या भागालाही आपली उष्णता नळीकडे टाकणे अवघड होते.

दुसरी हानी गंजाची. मामांचे बोट तिच्यावरच होते. लोखंड गंजण्यास पाणी व ऑक्सिजन ही दोन्ही लागतात. उघड्या नळीवर पावसाचे थेंब पडले तर ते चर्र करून उडून जातात. पट्टी मात्र पाणी शोषून धरते. लांबचा प्रवास असेल तर नळी तापून पट्टी आतून कोरडी होते. परंतु घर ते बाजार अशा दहा मिनिटांच्या फेरीत ती पुरती वाळत नाही आणि मग रात्रभर ओले फडके लोखंडाला बिलगून बसते. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटातून पावसाळ्यात जाणाऱ्यांना तेथील झड ठाऊक आहे. खाली गोव्याच्या किनाऱ्यावर गेले की हवेत मिठाचा अंश आणि मीठ तर गंजाचा वेग वाढविते. त्यात नळीच्या आतूनही पाणी असतेच. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळाले असता सुमारे एक लिटर पाणी तयार होते. एरवी ते वाफ होऊन जाते. नळी थंड असताना मात्र आतल्या बाजूस दव धरते. असा दोन्ही बाजूंनी वेढा पडतो. सर्वांत वाईट म्हणजे बाहेरून काहीच दिसत नाही. पट्टी सोडावी तेव्हा आत नळीची चाळण झालेली आढळते. निष्कलंक पोलादात निदान १०.५ टक्के क्रोमियम असते व त्याचा संरक्षक थर गंज बराच रोखतो. परंतु साध्या पोलादाला ते कवच नसते. पट्टी बांधलेल्या नळीची हमी अनेक उत्पादक देत नाहीत, त्याचे कारण हेच.

तिसरी हानी आगीच्या भयाची. एंजिनातून तेल ठिबकत असेल, तर उघड्या नळीवरून ते ओघळून जाते वा जळून धूर होतो. पट्टी मात्र वातीसारखी ते पिऊन घेते. तेल प्यालेली वात आणि तिच्या आत तापलेले लोखंड, याहून अधिक सांगणे नको. यांखेरीज काचतंतूंचे कण त्वचेत रुतून खाज सुटते. म्हणून पट्टी बांधताना व सोडताना हातमोजे आणि तोंडावर फडके अवश्य हवे.

आमचे दोन प्रयोग

वाचून झालेले ज्ञान पडताळून पाहावे म्हणून आम्ही दोन सोपे प्रयोग केले. वाचकांनीही मोठ्यांच्या देखरेखीखाली ते करून पाहावेत.

तीन सारखे पत्र्याचे डबे घेतले व त्यांत सारखेच कढत पाणी ओतले. एक उघडा ठेवला, दुसऱ्याला कोरडे लोकरीचे कापड गुंडाळले व तिसऱ्याला तेच कापड भिजवून गुंडाळले. तिघांत तापमापी धरून दर पाच मिनिटांनी नोंद केली. कोरड्या कापडाचा डबा सर्वांत सावकाश निवाला. परंतु ओल्या कापडाचा डबा उघड्या डब्याच्याही आधी निवाला ! पाण्याने हवेची जागा घेतली की उष्णता त्यातून वीसपटीहून अधिक सहज वाहते, शिवाय कापडावरील पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. तात्पर्य, भिजलेली गोधडी ही गोधडीच नव्हे.

दुसऱ्या प्रयोगात दोन नवे लोखंडी खिळे घासून स्वच्छ केले. दोन्ही रोज एकदा पाण्यात बुडविले. एक पुसून उघड्यावर ठेवला, दुसरा ओल्या चिंधीत गुंडाळून ठेवला. आठ दिवसांनी उघडा खिळा जवळजवळ जसाच्या तसा होता. चिंधी सोडली तेव्हा तिच्यावर तांबडे डाग उमटले होते आणि खिळ्याचा स्पर्श खरखरीत झाला होता. आमच्या मित्राने ती चिंधी घरी नेऊन वडिलांना दाखविली.

मग करावे काय ?

पट्टी सर्वथा वाईट, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. शर्यतीची गाडी प्रत्येक स्पर्धेनंतर उघडून तपासली जाते. तेथे नळीच्या आयुष्यापेक्षा गतीचे मोल अधिक. नळी निष्कलंक पोलादाची असेल, प्रदेश कोरडा असेल, गाडी छपराखाली राहात असेल आणि धग लागणारा भाग हातभरच असेल, तर तेवढ्याच भागावर पट्टी बांधणे योग्य ठरू शकते. तीही घरावरील कौलांप्रमाणे बांधावी, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर चढेल व पाणी घडीत न शिरता ओघळून जाईल. वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर ती सोडून आतील धातू पाहावा.

परंतु आमच्या मित्राच्या घरचा प्रश्न निराळा होता. गाडी रोजची, नळी साध्या पोलादाची, मुक्काम बेळगावच्या पावसात आणि हेतू एकच, मुलीचा पाय भाजू नये. या हेतूच्या दृष्टीने पाहू जाता पट्टीची खरी उणीव ध्यानात आली. पट्टीचा बाहेरचा भाग नळीपेक्षा थंड असला तरी निर्भय नसतो. साठ अंश तापलेल्या पाण्यानेही काही सेकंदांत त्वचा भाजते. लांबच्या प्रवासानंतर पट्टी त्याहून कितीतरी अधिक तापलेली असू शकते. आणि ती कापडासारखी दिसत असल्याने मूल निःशंकपणे तिला हात लावील, हा धोका वेगळाच.

याहून सरळ उपाय म्हणजे नळीपासून बोटभर अंतर सोडून बसविलेले छिद्रांचे पत्र्याचे कवच. मधल्या पोकळीतून हवा खेळते, त्यामुळे कवच फारसे तापत नाही, धातूचे तापमान वाढत नाही आणि पाणीही साचत नाही. गोधडीने उष्णता कोंडून ठेवण्याऐवजी कवच तिला वाट देते, पण माणसाच्या अंगाशी भिडू देत नाही. पुष्कळ गाड्यांना सायलेन्सरवर असे कवच कारखान्यातूनच येते. पुढील वाकलेला भाग मात्र बहुधा उघडा राहतो.

यंत्राइतकीच सवयही महत्त्वाची. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींची धूरनळी उजव्या बाजूस असते. म्हणून मुलांनी नेहमी डाव्या बाजूनेच चढावे व उतरावे. घरी गाडी लावताना नळीची बाजू भिंतीकडे करावी. आणि गाडी थांबल्यावर अर्धा तास तरी लहान मुलांना तिच्यापाशी खेळू देऊ नये.

तरीही कोणी भाजलेच, तर तो भाग ताबडतोब साध्या थंड वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, शाई, दंतमंजन, हळद यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे न्यावे. त्या दिवशी घाबरलेल्या घरच्यांनी मुलीच्या पोटरीवर दंतमंजन थापले होते. हे आधी ठाऊक असते तर तिचा त्रास कदाचित कमी झाला असता, ही चुटपुट आमच्या मित्राला अजून आहे. हा लेख लिहिण्याचे एक कारण तेही आहे.

दिवाळीच्या सुटीत मामांनी स्वतः मापे घेऊन पत्र्याचे कवच तयार केले आणि वडिलांनी ते बसवून घेतले. "दाजी, तुमचंही खरं आणि माझंही खरं," असे मामा म्हणाले. धाकटी आता डाव्या बाजूने चढते आणि दुसरे कोणी उजवीकडून चढू लागले तर त्याला दटावते.

आम्ही मात्र यातून एक धडा घेतला. कोणतीही वस्तू चांगली की वाईट, असा प्रश्न विचारून पुरत नाही. ती कशासाठी, कोठे आणि कोणत्या ऋतूत वापरावयाची, हे विचारल्यावाचून उत्तर पुरे होत नाही. वाचकमित्रहो, तुमच्याही अंगणात एखादी मोटारसायकल उभी असेल. ती निवलेली असताना तिच्या नळीकडे एकदा नीट पाहा आणि घरातील लहानग्यांना तिची कोणती बाजू टाळावयाची, ते आजच दाखवून ठेवा.